घर बघायला लोक येतात तेव्हा काय धरून चालायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. घर विकायला काढलंय, आतापर्यंत दोन पार्ट्या येऊन गेल्या, पहिल्यांनी बेडरूममधली कपाटं उघडली, बाथरूमचे नळ सोडून बघितले आणि "किचन फारच जुनं आहे हो" असं तोंडावर सांगितलं, दुसरे पाच मिनिटांत "बरं, कळवतो" म्हणून निघून गेले. तुमच्या आईंना दोन्हीचं फार लागलं. आता शनिवारी आणखी चार जण येणार आहेत आणि तुम्ही विचारताय की हे असंच असतं का, आपण घरी थांबावं का, काय बोलावं आणि कोण खरंच घेणार आहे हे ओळखायचं कसं.

मी बरीच वर्षं रिसेलची घरं दाखवायचं काम करते, दोन्ही बाजूंनी, म्हणजे विकणाऱ्यांसाठीही आणि घेणाऱ्यांसाठीही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. घर आवरून कसं ठेवायचं ते तुम्हाला कळतंच, तो तुमचा प्रश्न नाहीये. खरी अडचण अशी आहे की तुमच्या घरचे पाहुणे येणार म्हणून तयारी करतात आणि येतं ते गिऱ्हाईक. पाहुणा हॉलमध्ये बसतो, चार बऱ्या गोष्टी बोलतो, आतल्या खोलीत विचारल्याशिवाय जात नाही. गिऱ्हाईकाला मात्र आयुष्यातली बहुतेक सगळ्यात मोठी खरेदी करायचीय आणि त्याच्या हातात सुरुवातीला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. त्यात त्याला आपला पलंग कुठे बसेल, आईला जिना झेपेल का, मुलांना अभ्यासाला जागा आहे का आणि आपल्यापासून काही लपवलं तर जात नाहीये ना, हे सगळं एकदम बघायचं असतं. तो तुमच्या घराबद्दल बोलतोय असं तुम्हाला वाटतं, पण त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं घर चाललेलं असतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मा त्रास कमी होतो, हे मी अनेक घरांत बघितलंय.

आणि तुम्हाला जे वाटतंय ते जगभर सगळ्यांना वाटतं. १९९० मध्ये डॅनियल कानेमन आणि रिचर्ड थेलर यांनी एका सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि विचारलं की कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं की हाच मग कितीला घ्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. नुकत्याच मिळालेल्या मगचं हे, तर ज्या घरात मुलं वाढली त्याचं काय होणार. म्हणून घरमालकाला बाहेरच्याचं बोलणं अपमान वाटतं आणि बाहेरच्याला मालकाची किंमत जास्त वाटते. दोघांपैकी खोटं कोणी बोलत नसतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर असतात, त्या आधीच सांगून टाकते. एजंट आहे की तुम्ही स्वतः विकताय, घर रिकामं आहे की तुम्ही राहताय, की भाडेकरू आहे, तुमच्या भागात आत्ता घेणारे जास्त आहेत की विकणारे, आणि तुमच्याकडची कायद्याची पद्धत काय, यावर बराच फरक पडतो. मी लिहितेय ते तुम्ही राहतं घर दाखवताय आणि मध्ये एजंट आहे असं धरून. एजंट नसेल तर सुरक्षिततेचा भाग जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

पहिली व्हिजिट कशी असते? लोक उशिरा येतात. काही येतच नाहीत आणि कळवतही नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका, त्या दिवशी तीन घरं बघायची ठरवून निघालेला माणूस दुसऱ्याच घरात गुंततो आणि तिसरं राहून जातं. कधी एकटा नवरा येतो, कधी सगळं कुटुंब येतं, कधी सोबत एखादा काका किंवा मित्र असतो ज्याला फक्त खोट काढायलाच आणलेलं असतं. या तिसऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही. तो जे बोलतो ते बहुतेक वेळा त्याच्यावर टाकलेलं कामच असतं, आणि तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं तर घरी जाताना गाडीत घेणारे स्वतःच त्याला गप्प करतात.

दारातून आल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात लोकांचं एक मत होतं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा उजेडाचा आणि वासाचा असतो. वासाचं मुद्दाम सांगते कारण राहणाऱ्याला स्वतःच्या घराचा वास येतच नाही. नाक काही मिनिटांतच सरावतं आणि तोच तोच वास मेंदूपर्यंत पोचणं कमी होतं, हे शरीराचंच काम आहे, तुमच्या स्वच्छतेचा त्यात काही दोष नाही. म्हणून बाहेरच्या कोणाला, शक्यतो स्पष्ट बोलणाऱ्या मैत्रिणीला, दारात उभं करून विचारा की कसला वास येतोय. ओलीचा, बाथरूमच्या जाळीतून येणारा, पाळीव प्राण्याचा, बंद कपाटांचा. आणि रूम फ्रेशनर मारू नका. जोरात सुगंध आला की अनुभवी माणूस विचार करतो की हे काय झाकतायत. खिडक्या तासभर आधी उघडून ठेवल्या तर ते कुठल्याही स्प्रेपेक्षा चांगलं. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीत आणि सिंकमध्ये आदल्या दिवशी पाणी ओता, तिथल्या ट्रॅपमधलं, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात साठून राहणारं पाणी सुकलं की ड्रेनेजचा वास थेट वर येतो आणि लोकांना वाटतं की लाइनच खराब आहे.

उजेडाचं सोपं आहे. पडदे बाजूला, सगळे दिवे चालू, दिवसासुद्धा. एकाच खोलीत एक बल्ब पिवळा आणि एक पांढरा असेल तर सारखे करून घ्या, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनवाले (पिवळे) सगळे किंवा ६५०० वाले (पांढरे) सगळे, मिसळ केली की भिंतीचा रंग डागाळल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या पार्टीने पाच मिनिटांत काढता पाय का घेतला असेल? मला सगळ्यात जास्त शंका तुमच्या फोटोंची आहे. आजकाल फोनच्या ०.५ वाल्या लेन्सने फोटो काढतात, त्यात दहा फुटांची खोली हॉलसारखी दिसते, माणूस मनात मोठी खोली घेऊन येतो आणि दारातच त्याचा चेहरा उतरतो. मग बाकीचं घर कितीही चांगलं असो, तो फक्त सभ्यपणे वेळ काढत असतो. तुमचे फोटो तसे असतील तर साध्या १ वाल्या लेन्सने परत काढा आणि खोल्यांची मापं लिहून टाका. फोन कमी येतील, पण येतील ते खोलीचा आकार माहीत असलेले येतील. दुसरं कारण याहून साधं असू शकतं, त्यांना हवा होता दुसरा मजला आणि तुमचा चौथा, ही गोष्ट एजंटने त्यांना नीट सांगितलीच नव्हती. अशा व्हिजिटमध्ये तुमच्या हातात काहीच नसतं.

आता कपाटं आणि नळ. हो, असंच असतं, आणि हे चांगलं लक्षण आहे. ज्याला घ्यायचं नाही तो कशाला हात लावत नाही. भिंतीतली कायमची कपाटं, किचनची ट्रॉली, सिंकखालची जागा, लॉफ्ट हे सगळं तो उघडणारच कारण ते घरासोबत त्याला मिळणार आहे. तुमचं सुटं लाकडी कपाट किंवा ड्रॉवर उघडणं मात्र बरोबर नाही, तिथे "ते आमचं सुटं फर्निचर आहे, आमच्याबरोबर जाणार" एवढं साधं सांगितलं की लोक लगेच हात मागे घेतात. सगळ्यात बरं म्हणजे काय राहणार आणि काय जाणार याची एक यादी आधीच करून ठेवा. पंखे, गीझर, एसी, पडद्यांचे रॉड, बाथरूमचा आरसा. व्यवहार पक्का झाल्यावर या किरकोळ गोष्टींवरून जेवढी कटुता येते तेवढी मोठ्या रकमेवरूनही येत नाही.

माहितगार माणूस आणखी काय बघतो ते सांगते, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. तो दोन नळ एकदम सोडेल आणि तिसरीकडे फ्लश करेल, पाण्याचं प्रेशर पडतंय का बघायला. बेसिन भरून सोडेल, पाणी किती पटकन जातं बघायला. खिडक्या उघडून लावेल. मेन स्विचचा बोर्ड उघडून जुने फ्यूज आहेत की एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारे स्विच), आणि शॉक लागला तर सप्लाय तोडणारं आरसीसीबी आहे की नाही ते बघेल. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर तळवा ठेवेल आणि वर सीलिंगच्या कोपऱ्यात बघेल. भिंतीवर पांढरी पावडर फुटली असेल तर तो खार आहे हे त्याला कळतं, म्हणजे भिंतीतून पाणी येतं, सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. काही जण ओल मोजायचं छोटं मीटरही घेऊन येतात. भेगा बघेल. प्लास्टरची केसाएवढी भेग बहुतेक घरांत असते आणि ती कोणाला घाबरवत नाही, पण दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग दिसली की तो थांबणार आणि विचारणार.

इथे एक कळकळीची विनंती. ओलीच्या डागावर आयत्या वेळी रंग मारू नका. संपूर्ण खोलीत एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की तो बोटाने दाखवल्यासारखा दिसतो. लोक रंगाच्या वासावरूनही ओळखतात. त्यापेक्षा लीकेज कुठून होतंय ते शोधा, दुरुस्त करा, भिंत सुकू द्या, मग रंग, आणि दुरुस्तीचं बिल जपून ठेवा. रंगाला वेळ नसेल तर डाग तसाच ठेवा आणि स्वतःहून दाखवा. "इथे वरच्या बाथरूममधून गळत होतं, काम झालंय, हे बिल" हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या खांद्यावरचा ताण उतरताना मी कितीदा बघितलाय. एक दोष मालकाने स्वतः सांगितला की बाकीच्या घरावर विश्वास बसतो. आणि एक दोष त्याने स्वतः शोधून काढला की तो आणखी किती आहेत ते शोधायला लागतो.

कायद्याचंही थोडं आहे यात. देशोदेशी नियम वेगळे. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा, मग तो बांधकामातला असो की टायटलमधला, म्हणजे मालकी हक्कातला. कॅलिफोर्नियात तर विकणाऱ्याला ठरलेला फॉर्म भरून लेखी द्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टासमोर १९९१ मध्ये एक केस आली होती, त्यात मालकिणीने आपल्या घरात भुतं आहेत असं आधी पेपरांतून आणि मासिकातून जाहीर केलेलं होतं, परगावच्या गिऱ्हाईकाला मात्र ते कळलं नव्हतं, आणि कोर्टाने त्याला व्यवहारातून बाहेर पडू दिलं. भुतांचं सोडा, त्यातला धडा असा की जी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, जिच्यामुळे किंमत कमी होते आणि जी बघून कळत नाही, ती दडवणं महागात पडू शकतं. तुमच्याकडचा नेमका नियम वकिलाला विचारा. पण बोलण्यापुरता माझा नियम सोपा आहे: माहीत आहे ते खरं सांगायचं, नक्की माहीत नाही ते "बघून सांगते" म्हणायचं आणि खरंच बघून दुसऱ्या दिवशी कळवायचं. तोंडाला येईल ते क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष किंवा "गळती कधीच नाही" असलं काही बोलायचं नाही.

घरी थांबावं का? माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या व्हिजिटला एजंट असेल तर घरच्यांनी बाहेर जावं. मालक समोर असला की लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, कुजबुजतात, कपाट उघडायला लाजतात आणि लवकर निघतात. जे बोलायचं ते जिन्यात बोलतात आणि एजंटच्या हाताला काही लागत नाही. तुम्ही नसलात तर नवरा-बायको बेडरूममध्ये उभे राहून "इथे आपलं कपाट बसेल का" यावर भांडतात, आणि ते भांडण म्हणजे विक्रीची सुरुवात असते. दुसऱ्या व्हिजिटला मात्र तुम्ही हवेत. तेव्हा त्यांना पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे, दुपारी ऊन कुठून येतं, रात्री रस्त्याचा आवाज येतो का हे विचारायचं असतं आणि याची उत्तरं राहणाऱ्याइतकी चांगली कोणी देऊ शकत नाही.

बाहेर जाणं शक्य नसेल तर एकाच व्यक्तीने भेटायचं, बाकीच्यांनी एका खोलीत बसायचं आणि ती खोली शेवटी दाखवायची. खोल्याखोल्यांतून मागे मागे फिरू नका. दारात नमस्कार, "तुम्ही सावकाश बघा, काही विचारायचं असेल तर मी इथेच आहे" आणि मग खरंच तिथेच थांबा. "ही बेडरूम", "हे बाथरूम" असं सांगत बसायची गरज नसते, ते त्यांना दिसतं. न दिसणारं सांगा, म्हणजे पावसाळ्यानंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, वायरिंग कधी बदललं वगैरे. टीव्ही बंद ठेवा. पाळीव कुत्रं कितीही गुणी असलं तरी त्या तासापुरतं दुसरीकडे ठेवा, घाबरणारा माणूस घर बघतच नाही, कुत्रं कुठे आहे ते बघतो.

एक प्रश्न हमखास येणार: "का विकताय?" त्याचं उत्तर आधी ठरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी तेच द्या. खरं असलंच पाहिजे, पण सगळं सांगायची सक्ती नाही. "मोठं घर हवंय", "मुलाजवळ राहायला जातोय" एवढं पुरतं. "दुसरीकडे बुकिंग केलंय आणि पुढच्या महिन्यात पैसे भरायचेत" हे बोललात की तुमची घाई त्यांच्या हातात गेली. दुसरा हमखास प्रश्न "शेवटचं किती?" हा कधीकधी चप्पल घालताना विचारतात, अगदी सहज. उभ्या उभ्या आकडा द्यायचा नाही. "घर आवडलं असेल तर बसून बोलू, तुमची ऑफर एजंटकडे द्या" एवढंच. दारात सांगितलेला कमी आकडा हा पुढच्या बैठकीचा वरचा आकडा होतो.

आता "किचन फारच जुनं आहे" याबद्दल. याचे दोन अर्थ असू शकतात आणि ते आवाजावरून नाही तर पुढच्या वाक्यावरून कळतात. "जुनं आहे" म्हणून विषय सोडला तर त्यांना ते नकोय. "जुनं आहे, हा ओटा बदलायचा तर ही भिंत पाडता येते का" असं विचारलं तर मनात ते राहायला आलेसुद्धा, आणि खोट काढतायत ती किमतीसाठी. घासाघीस करणारा माणूस घरात रस असलेलाच असतो. उलट जो सगळ्याचं कौतुक करतो, "किती सुंदर ठेवलंय हो", "व्ह्यू काय मस्त" आणि एकही अडचणीचा प्रश्न विचारत नाही, त्याची वाट बघत बसू नका. सभ्य माणूस नकार असाच देतो.

सीरियस पार्टी ओळखायच्या खुणा म्हणजे परत त्याच खोलीत जाणं, टेप काढून मापं घेणं, पार्किंग नेमकं कुठलं ते खाली जाऊन बघणं, कागदपत्रांबद्दल आणि कर्जाबद्दल विचारणं, ताबा कधी मिळेल विचारणं, आणि सगळ्यात मोठी म्हणजे दुसऱ्यांदा येणं, वेगळ्या वेळेला, घरातल्या ज्या माणसाचा शब्द चालतो त्याला घेऊन. ही दुसरी व्हिजिट पहिलीपेक्षा जास्त टोचणारी असते, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्यांदा मनाने बघितलेलं असतं, आता डोक्याने बघतात. तास लागू शकतो. सोबत इंजिनिअर किंवा मिस्त्री आणतील, टाइल ठोकून बघतील, पोकळ आवाज येतो का म्हणून. त्यांना तेवढा वेळ द्या. व्हिडिओ काढायला परवानगी मागतील, परगावच्या नातेवाईकाला दाखवायचा असतो. द्यायला हरकत नाही, पण आधी भिंतीवरचे मुलांच्या शाळेची नावं दिसणारे फोटो आणि सर्टिफिकेटं काढून ठेवा.

सुरक्षितता मी हलक्यात घेत नाही. लंडनमध्ये १९८६ च्या जुलैमध्ये सुझी लॅम्प्लू नावाची तरुण एस्टेट एजंट एका गिऱ्हाईकाला घर दाखवायला म्हणून ऑफिसातून निघाली आणि परत आलीच नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने काढलेला ट्रस्ट लोकांना वैयक्तिक सुरक्षिततेबद्दल शिकवायचं काम करतो. असं सहसा घडत नाही, पण साध्या गोष्टी पाळायला पैसे लागत नाहीत. एकटीने घर दाखवू नका. येणाऱ्याचं पूर्ण नाव आणि फोन नंबर आधी घ्या आणि त्या नंबरवर स्वतः एकदा फोन करा. न ठरवता बेल वाजवून "बोर्ड बघितला, आत्ता बघू का" म्हणणाऱ्याला वेळ ठरवून परत बोलवा. खोलीत जाताना त्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही दाराजवळ. दागिने, रोख, किल्ल्यांचा जुडगा, चेकबुक, लॅपटॉप, आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे बाथरूमच्या कपाटातली औषधं, हे सगळं कुलपात किंवा बाहेर. टेबलावरची बँकेची पत्रं, विजेचं बिल उलटं करून चालत नाही, उचलूनच ठेवा. मूळ कागदपत्रं पहिल्या व्हिजिटला कोणालाही दाखवायची नाहीत आणि त्यांचे फोटो काढू द्यायचे नाहीत. झेरॉक्ससुद्धा ऑफर आल्यावर, आणि तीही वकिलामार्फत दिलेली बरी.

व्हिजिट झाल्यावर दोन दिवस शांतता असते, तीही धरून चाला. लोक घरी जाऊन आकडेमोड करतात, बँकेला विचारतात, आणखी दोन घरं बघतात. तुम्ही स्वतः फोन करू नका, एजंटला करू द्या आणि त्याच्याकडून नेमकं काय म्हणाले ते मागा, "आवडलं म्हणाले" यावर समाधान मानू नका. एकाचं मत सोडून द्या. पण चार-पाच वेगवेगळ्या लोकांनी एकच गोष्ट सांगितली, उदाहरणार्थ बाथरूमची ओल, तर ती दुरुस्त करा. बरेच जण येतायत, मनापासून बघतायत, दुसऱ्यांदा मात्र कोणी येत नाही, अशा वेळी अडचण बहुधा घर आणि किंमत यांच्या मेळात असते. फोनच येत नसतील तर फोटो, जाहिरात आणि किंमत, या क्रमाने बघा. किमतीबद्दल एक ऐका. बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटच्या विक्रीवर २००१ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात दिसलं की ज्यांना आपण घेतलं त्यापेक्षा कमी किमतीत विकायची वेळ आली होती ते आस्किंग प्राइस जास्त लावत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत. आपण कितीला घेतलं आणि फर्निचरला किती घातलं याच्याशी समोरच्याला देणंघेणं नसतं, तो आजूबाजूच्या घरांशी तुलना करतो. हे गिळायला जड जातं, मला कळतं.

तुमच्या आईंचं. त्यांना लागलं यात नवल नाही, तो ओटा त्यांनी रोज पुसलाय आणि कोणीतरी अनोळखी माणूस येऊन त्याला जुना म्हणतो. शनिवारी त्यांना घरात ठेवूच नका असं मी म्हणेन, बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे पाठवा, आणि व्हिजिटमध्ये कोण काय म्हणालं ते सगळं त्यांना येऊन सांगायचीही गरज नाही. पण त्यांना एक काम जरूर द्या, आणि ते मनापासून द्या: घराबद्दल त्यांना माहीत असलेल्या गोष्टी कागदावर लिहून मागा. कुठल्या खिडकीतून उन्हाळ्यात वारा येतो, कुठला नळ आधी अर्धा फिरवावा लागतो, पाण्याची टाकी कधी धुतात, प्लंबर कोण, वायरमन कोण. दुसऱ्या व्हिजिटला येणाऱ्या पार्टीला हा कागद खूप उपयोगी पडतो, एजंटच्या तोंडून हे कधीच येत नाही.

शनिवारच्या चौघांना एकाच वेळी बोलवू नका, मध्ये किमान अर्धा-पाऊण तास ठेवा म्हणजे कोणाला जास्त वेळ लागला तरी दारात गर्दी होणार नाही. सगळ्यांना उजेड असताना बोलवा. एजंटला आदल्या रात्री चौघांचीही खात्री करायला सांगा, आणि मजला, मापं, पार्किंग, ताब्याची तारीख हे चौघांनाही मेसेज करून टाकायला सांगा, ज्यांना जमणार नाही ते तिथेच गळतील. फोटोंचं माझं खरं निघालं का ते बघून इथेच लिहा, आणि मापं टाकलीत तर मी नजर टाकून सांगेन.